कॅश प्लगिन एचटीअ‍ॅक्सेस फाइल पुन्हा पुन्हा बिघडवत असेल तर

साइटचं पहिलं पान व्यवस्थित उघडतं, पण आतल्या कुठल्याही दुव्यावर टिचकी मारली की ४०४, म्हणजे पान सापडत नाही. कुणीतरी सांगतं, पर्मालिंकच्या (पानांच्या पत्त्यांच्या सेटिंगच्या) पानावर जाऊन नुसतं सेव्ह करा. तसं केलं की साइट लगेच ताळ्यावर येते. आठवडाभर सगळं सुरळीत चालतं आणि पुन्हा तेच. कधी ४०४ ऐवजी थेट ५०० (सर्व्हरची चूक) येतो, तर कधी साइट चालू असते पण महिन्यापूर्वीची माहिती दाखवत राहते. वर्डप्रेसवर कॅश प्लगिन (पानांच्या तयार प्रती साठवून साइट वेगाने दाखवणारं जोडसाधन) घातलेल्या साइटवर हे चक्र सुरू झालं असेल, तर पुढचं सगळं वाचून मगच एचटीअ‍ॅक्सेस या, सर्व्हरला नियम सांगणाऱ्या फाइलला हात लावा.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अशा साइट भरपूर आहेत. पतसंस्था, मराठी शाळा, वाचनालयं, उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, गावोगावच्या साहित्य संमेलनांची मंडळं. बहुतेकांचं होस्टिंग स्वस्तातलं, सामायिक सर्व्हरवरचं. साइट एकाने बांधलेली, होस्टिंग दुसऱ्याने घेतलेलं, आणि साइट हळू चालते म्हणून कॅश प्लगिन तिसऱ्यानेच कधीतरी टाकलेलं. कोणत्या फाइलला कोण हात लावतंय याचा पत्ता या तिघांनाही नसतो. शाळेची प्रवेशाची सूचना किंवा संमेलनाची पत्रिका नेमक्या त्याच दिवशी उघडत नाही, तेव्हा त्रास होतो तो गावाकडून मोबाइलवर बघणाऱ्या माणसाला. म्हणून हा बिघाड वरवर मिटवण्यापेक्षा मुळापासून काढायला हवा.

मूळ एकच आहे. फाइल बिघडली हे खरं दुखणं नव्हे. त्या फाइलमध्ये लिहिणारे एकापेक्षा जास्त जण आहेत, आणि तुम्ही दुरुस्त केलेलं त्यातला कुणीतरी पुन्हा पुसतो. तो कोण हे सापडेपर्यंत दुरुस्ती टिकणार नाही.

एचटीअ‍ॅक्सेसमध्ये कोण कोण लिहितं

अपाची किंवा लाइटस्पीड सर्व्हरवर साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये डॉट एचटीअ‍ॅक्सेस नावाची फाइल असते. नाव टिंबाने सुरू होत असल्याने ती लपलेली असते. फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये लपलेल्या फाइल दाखवा असं सांगितल्याशिवाय दिसत नाही. ही फाइल उघडली की त्यात वेगवेगळे ठोकळे दिसतात. प्रत्येक ठोकळ्याच्या आधी हॅशचं चिन्ह आणि ‘बिगिन’, शेवटी हॅश आणि ‘एंड’, आणि पुढे मालकाचं नाव. वर्डप्रेसचा स्वतःचा ठोकळा ‘बिगिन वर्डप्रेस’ ने सुरू होतो. डब्ल्यूपी सुपर कॅश, डब्ल्यू३ टोटल कॅश, डब्ल्यूपी रॉकेट, लाइटस्पीड कॅश ही प्लगिनं आपापल्या नावाचे ठोकळे घालतात. सीपॅनेलमधून (होस्टिंग सांभाळण्याचं पॅनेल) पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची, आवृत्ती बदलली असेल तर सीपॅनेलचाही एक ठोकळा तिथे असतो, बहुधा तळाशी. सुरक्षेचं प्लगिन असेल तर त्याचा आणखी एक.

हे सगळे एकाच फाइलचे भाडेकरू. प्रत्येकाने आपल्या खोलीपुरतं वागायचं असा संकेत आहे, पण भिंती म्हणजे नुसत्या या दोन ओळी. त्या ओळींना धक्का लागला की काय होतं ते नीट समजून घ्या, कारण वारंवार येणारा निम्मा त्रास इथलाच आहे.

वर्डप्रेस आपला ठोकळा बदलताना आधी ‘बिगिन’ ची ओळ शोधतं, मग ‘एंड’ ची. दोन्हींच्या मधलं जुनं काढून नवं घालतं, आधीचं आणि नंतरचं जसंच्या तसं ठेवतं. आता कुणी हाताने फाइल दुरुस्त करताना ‘एंड वर्डप्रेस’ ही ओळ चुकून उडवली असेल, तर ‘बिगिन’ पासून फाइलच्या शेवटापर्यंतचं सगळं वर्डप्रेसच्या दृष्टीने त्याचंच जुनं सामान ठरतं. पुढच्या वेळी लिहिताना ते सगळं जातं. सीपॅनेलचा ठोकळा जातो, तुम्ही खाली लिहिलेलं एचटीटीपीएसकडे (सुरक्षित पत्त्याकडे) वळवण्याचं कलम जातं, दुसऱ्या प्लगिनचे नियमही जातात. उलट ‘बिगिन’ ची ओळ उडाली असेल तर जुने नियम बिनमालकीचे वर राहतात आणि तळाशी नवा ठोकळा जोडला जातो. एकाच फाइलमध्ये तेच नियम दोनदा दिसले तर कारण हे असतं.

हीच गोष्ट ठोकळ्याच्या आत स्वतःचे नियम लिहिण्याची. ‘बिगिन वर्डप्रेस’ च्या खाली वर्डप्रेसच सूचना लिहून ठेवतं की या दोन ओळींमधलं आपोआप तयार होतं आणि बदललेलं पुसलं जाईल. तरी कितीतरी साइटवर वळवणीचे नियम नेमके तिथेच घातलेले सापडतात. ते पुसले जाणारच. त्यात प्लगिनचा दोष नाही.

मी काहीच केलं नाही, तरी फाइल बदलली कशी?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो प्रामाणिक असतो. कॅश प्लगिनची सेटिंग सेव्ह केली की ते फाइल लिहितं, हे उघड आहे. पण प्लगिन चालू करताना, बंद करताना आणि त्याची आवृत्ती बदलल्यावरही ते लिहितं. वर्डप्रेस ५.५ मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, प्लगिन आपोआप अद्ययावत करण्याची सोय आली. ती चालू असेल तर अपडेट वर्डप्रेसच्या स्वतःच्या क्रॉनमधून (ठरावीक वेळी कामं चालवणारी सोय) होतं आणि तो क्रॉन साइटवर कुणीतरी आलं की चालतो. म्हणजे रात्री कुणीतरी तुमचं पान उघडतो, त्या निमित्ताने अपडेट होतं, नवी आवृत्ती पहिल्यांदा चालताना आपले नियम पुन्हा लिहिते, आणि सकाळी ऑफिस उघडेपर्यंत साइट पडलेली असते.

पर्मालिंकचं पान नुसतं उघडलं तरी वर्डप्रेस आपले नियम पुन्हा लिहायला घेतं, सेव्हचं बटण दाबायचीही गरज नसते. काही प्लगिनं तर स्वतःच्या कामासाठी वर्डप्रेसला नियम पुन्हा लिहायला लावतात. दुकानाचं प्लगिन, कार्यक्रमांच्या कॅलेंडरचं प्लगिन, बहुभाषेचं प्लगिन यांचा कॅशशी संबंध नसतो, पण फाइलशी असतो.

साइट पडलेली असताना काय करावं

पर्मालिंक सेव्ह करायला धावू नका. माझा सगळ्यात मोठा आग्रह हाच. त्याने साइट उभी राहते, पण बिघडलेली फाइल पुसली जाते आणि तिच्यासोबत पुरावाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा अंधारात चाचपडायची वेळ येते. आधी बिघडलेल्या फाइलची प्रत काढून आपल्या संगणकावर उतरवून घ्या. शिवाय फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ टिपून ठेवा. याला दोन मिनिटं लागतात.

मग एरर लॉग, म्हणजे सर्व्हर चुका नोंदवतो ती फाइल, बघा. ५०० चा आकडा स्वतः काहीच सांगत नाही, लॉगमधली एक ओळ सगळं सांगते. ‘इनव्हॅलिड कमांड’ असं लिहून पुढे ‘हेडर’ असेल, तर प्लगिनने हेडरचे (पानासोबत ब्राउझरला जाणाऱ्या माहितीचे) नियम घातलेत पण सर्व्हरवर ते मॉड्यूल चालू नाही. पुढे ‘पीएचपी व्हॅल्यू’ असेल तर जुन्या सर्व्हरवरची फाइल नव्यावर उचलून आणलेली आहे आणि नव्यावर पीएचपी वेगळ्या पद्धतीने, बहुधा एफपीएम या वेगळ्या प्रक्रियेतून चालतं. तिथे ही ओळ एचटीअ‍ॅक्सेसमध्ये चालत नाही. ‘इफमॉड्यूल वॉज नॉट क्लोज्ड’ असं दिसलं तर फाइल अर्धवट लिहिली गेली आहे. ‘लिमिट ऑफ १० इंटर्नल रिडायरेक्ट्स’ दिसलं तर नियम एकमेकांकडे बोट दाखवत फिरताहेत. आणि इनव्हॅलिड कमांडच्या पुढे विचित्र चिन्हं असतील तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून बीओएमसकट (फाइलच्या सुरुवातीचं अदृश्य चिन्ह) सेव्ह झालेली असण्याची शक्यता मोठी. हॅशच्या पुढे मराठीत टीप लिहिली तर अपाचीला काही अडचण नाही, फक्त फाइल बीओएमशिवायच्या यूटीएफ-८ (सगळ्या लिपींची अक्षरं साठवण्याची पद्धत) मध्ये सेव्ह करा.

आता फाइलचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि पर्मालिंकच्या पानावरून नवी तयार करून घ्या. अ‍ॅडमिनच उघडत नसेल तर फाइल मॅनेजरमधून कॅश प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला, डब्ल्यूपी-कंटेंटमधली अ‍ॅडव्हान्स्ड-कॅश ही फाइलही बाजूला काढा आणि डब्ल्यूपी-कॉन्फिगमधली (वर्डप्रेसची मुख्य सेटिंगची फाइल) डब्ल्यूपी-कॅश ट्रू असं सांगणारी ओळ काढा. ती ओळ प्लगिनच घालतं. तिच्यामुळे वर्डप्रेस बाकी काही चालू व्हायच्या आधी अ‍ॅडव्हान्स्ड-कॅश फाइल वाचतं. प्लगिन नाही आणि ही फाइल मात्र मागे राहिली, तर ती नसलेल्या फाइली शोधत बसते.

साइट उभी राहिली की जुन्या प्रतीतून सीपॅनेलचा पीएचपीचा ठोकळा नव्या फाइलमध्ये परत आणायला विसरू नका. तो गेला तर साइट सर्व्हरच्या ठरलेल्या पीएचपी आवृत्तीवर पडते. मग थीम बिघडते, फॉर्म चालत नाही, आणि सगळे थीमवाल्याच्या मागे लागतात.

बाजूला काढलेल्या प्रतींबद्दल एक कळकळीची सूचना. डब्ल्यूपी-कॉन्फिगची प्रत नावापुढे ‘बॅक’ किंवा ‘ओल्ड’ लावून त्याच फोल्डरमध्ये कधीही ठेवू नका. शेवटी पीएचपी नसल्यामुळे सर्व्हर ती साधा मजकूर म्हणून दाखवतो, आणि त्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो. प्रत पब्लिक-एचटीएमएलच्या, म्हणजे साइटच्या मुख्य फोल्डरच्या, बाहेर ठेवा.

माझ्याकडे दिसतंय, लोकांना दिसेना

पतसंस्थेतून फोन येतो तो साधारण असा: ‘‘सर, नवा व्याजदर कालच घातलाय, माझ्या लॅपटॉपवर बरोबर दिसायलाय. काउंटरवर काकू आल्यात, त्यांच्या मोबाइलवर जुनाच दर येतोय बघा.’’ या वाक्यात निदान आहे. लॅपटॉपवाला माणूस साइटमध्ये लॉगिन केलेला आहे, काकू नाहीत.

कॅशचे नियम साधारण असं तपासतात: मागणी फॉर्म पाठवण्याची नाही ना, पत्त्यात प्रश्नचिन्ह नाही ना, लॉगिनची कुकी नाही ना. नसेल तर पीएचपीला उठवायचंच नाही, डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या कॅशच्या फोल्डरात साठवलेलं तयार पान अपाचीने थेट द्यायचं. म्हणून साइट वेगाने चालते. पण याचा दुसरा अर्थ असा की तिथे वर्डप्रेस मध्ये येतच नाही. प्लगिन फोल्डरसकट काढून टाकलं तरी एचटीअ‍ॅक्सेसमधले नियम आणि साठवलेली पानं जागेवर असतील, तर अपाची तीच जुनी पानं देत राहतो. लॉगिन केलेल्या माणसाला ताजं दिसतं, बाहेरच्याला शिळं. प्लगिन काढायचं तेव्हा आधी त्याची कॅश रिकामी करा, मग पेज कॅश बंद करा, मग प्लगिन निष्क्रिय करा, आणि शेवटी डिलीट. एफटीपीवरून (फाइली थेट चढवण्या-उतरवण्याचा मार्ग) फोल्डर उडवणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. कुणी तसं आधीच केलं असेल तर बिनमालकीचा ठोकळा हाताने काढा आणि कॅशचं फोल्डर रिकामं करा.

याच पोटात देवनागरीचा एक बिघाड आहे. आपल्या भागातल्या साइटवर तो जास्त जाणवतो, कारण मजकूर मराठी आणि कन्नड. वर्डप्रेस स्वतः पान देतं तेव्हा सोबतच्या हेडरमध्ये यूटीएफ-८ सांगतं. साठवलेलं पान अपाची थेट देतो तेव्हा हे सांगण्याची जबाबदारी अपाचीवर येते. म्हणून कॅश प्लगिन आपल्या नियमांमध्ये ती ओळ घालतं. ठोकळ्याची नासधूस होऊन ती ओळ गेली आणि सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगमध्ये आयएसओ-८८५९-१ या, रोमन लिपीपुरत्या जुन्या पद्धतीची ओळ असली, तर ब्राउझर त्यावर विश्वास ठेवतो. पानाच्या आत यूटीएफ-८ लिहिलेलं असलं तरी हेडर वरचढ ठरतं. सगळी अक्षरं फुटतात. इंग्रजी मजकूर मात्र ठणठणीत दिसतो. दूरच्या होस्टिंगवाल्याने इंग्रजी पान उघडून ‘इथे सगळं ठीक आहे’ म्हटलं तर तो खोटं बोलत नसतो, त्याला दिसतच नाही. त्याला मराठी पानाचा पत्ता द्या, लॉगिन न करता उघडायला सांगा, आणि ब्राउझरच्या नेटवर्कच्या खिडकीतला कंटेंट-टाइप बघायला सांगा. उपाय म्हणजे एचटीअ‍ॅक्सेसच्या अगदी वर, सगळ्या ठोकळ्यांच्या बाहेर, ठरलेला कॅरेक्टरसेट यूटीएफ-८ असल्याची अपाचीची ओळ स्वतः लिहिणं.

भाषेची अदलाबदल हा वेगळा प्रकार. सीमाभागात मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही भाषा देणाऱ्या संस्था आहेत. भाषा कुकीवरून किंवा ब्राउझरच्या पसंतीवरून ठरत असेल आणि तिन्ही भाषांचा पत्ता एकच असेल, तर पहिल्या माणसाने कन्नड पान उघडताच तेच साठवलं जातं आणि मागून येणाऱ्या मराठी वाचकालाही तेच मिळतं. लोकांना वाटतं कुणीतरी मुद्दाम केलं. इथल्या वातावरणात असा गैरसमज व्हायला वेळ लागत नाही, म्हणून हे दुरुस्त करायला उशीर करू नये. प्लगिनच्या सेटिंगमध्ये भाषेच्या कुकीप्रमाणे वेगळी प्रत ठेवण्याची सोय असू शकते, पण माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येक भाषेला वेगळा पत्ता द्या. पत्त्यातच भाषा आली की कॅशला घोटाळा करायला वावच उरत नाही.

शून्य बाइटची फाइल

एचटीअ‍ॅक्सेस उघडली आणि आत काहीच नाही, असं दिसलं तर आधी डिस्कचा कोटा बघा. सामायिक होस्टिंगवर जागेला मर्यादा असते, शिवाय फाइलींच्या संख्येलाही. कॅश प्लगिन प्रत्येक पानाची प्रत ठेवतं, कधी मोबाइलची वेगळी, कधी दाबून लहान केलेली वेगळी. जुन्या प्रती काढायचं काम नीट चालत नसेल तर कोटा भरतो. आता प्लगिन नियम लिहायला जातं. बेफिकिरीने लिहिणारा कोड आधी फाइल रिकामी करतो, मग नवा मजकूर ओततो. रिकामी होते, पण ओतायला जागा नसते. राहते शून्य बाइटची फाइल. पहिलं पान चालतं, आतली सगळी ४०४.

डब्ल्यूपी-कॉन्फिगचं असं झालं तर साइट पूर्ण बंद पडते. ती फाइल रिकामी न होता नाहीशीच झाली तर प्रकरण आणखी गंभीर: वर्डप्रेसला वाटतं नवी साइट बसवायची आहे आणि ते येणाऱ्या कुणालाही बसवणीचं पान दाखवतं. असं दिसलं तर आधी होस्टिंगच्या पॅनेलमधून साइट बंद करा किंवा पासवर्डमागे टाका, मग बाकीचं.

कॅशला आकाराची किंवा वयाची मर्यादा घाला आणि कोटा ऐंशी टक्क्यांवर गेला की मेल यावा अशी सोय पॅनेलमध्ये असेल तर चालू करा.

एनजिनएक्स असेल तर धोका उशिरा कळतो

काही कारखान्यांनी आणि मोठ्या संस्थांनी स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर) घेतलेला असतो आणि त्यावर अपाचीऐवजी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असतो. एनजिनएक्स एचटीअ‍ॅक्सेस वाचतच नाही. त्यामुळे काही कॅश प्लगिनं साइटच्या मुख्य फोल्डरात एनजिनएक्स डॉट कॉन्फ अशी वेगळी फाइल तयार करतात. डब्ल्यू३ टोटल कॅश हे त्यातलं एक. ती फाइल सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये इन्क्लूड करायला सांगितलं जातं. एकदा केलं की माणूस विसरून जातो.

अपाची एचटीअ‍ॅक्सेस प्रत्येक मागणीला वाचतो, म्हणून चूक लगेच दिसते. एनजिनएक्स कॉन्फिग वाचतो ते सुरू होताना आणि रीलोड केल्यावरच. प्लगिनने आज फाइल बिघडवली तरी आज काहीच होत नाही. चालू एनजिनएक्स स्मरणातल्या जुन्या नियमांवर काम करत राहतो. रीलोड केलं तरी चुकीची फाइल नाकारून तो जुन्यावरच चालतो, लॉगमध्ये ओळ टाकतो आणि ती कुणी वाचत नाही. मग एखाद्या रात्री व्हीपीएस रीस्टार्ट होतो, किंवा कारखान्यातच सर्व्हर असेल तर पावसाळ्यात वीज जाते आणि यूपीएस दमतो. वीज आल्यावर एनजिनएक्स सुरू होताना फाइल वाचतो, चूक सापडते, आणि तो सुरूच होत नाही. त्या एका साइटबरोबर त्याच सर्व्हरवरच्या बाकीच्या सगळ्या साइट बंद. चूक झाली तीन आठवड्यांपूर्वी, दिसली आज. साहजिकच सगळे विजेला नाहीतर होस्टिंगला दोष देतात.

म्हणून प्लगिनने लिहिलेली फाइल थेट इन्क्लूड करू नका. सुरक्षेच्या दृष्टीनेही ते वाईट आहे, कारण पीएचपीला लिहिता येणारी फाइल सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये शिरते; साइटमध्ये कुणी घुसलं तर त्याला सर्व्हरचेच नियम बदलता येतात. तयार झालेल्या नियमांची प्रत रूटच्या (सर्व्हरचा सर्वाधिकारी वापरकर्ता) मालकीच्या फोल्डरात स्वतः ठेवा, एनजिनएक्सला टी हा पर्याय देऊन तपासून घ्या, आणि तपासणी पास झाली तरच रीलोड. याहून चांगलं म्हणजे एनजिनएक्सची स्वतःची फास्टसीजीआय कॅश (पीएचपीने तयार केलेली पानं साठवणारी) सर्व्हरच्या पातळीवर बसवणं, आणि प्लगिनकडे फक्त नवं पान आलं की जुनी प्रत पुसण्याचं काम देणं.

लिहिणारा शोधायचा कसा

टिपून ठेवलेली वेळ आता कामाला येते. समजा स्टॅट ही फाइलची माहिती देणारी कमांड सांगते की फाइल २० वाजून ४४ मिनिटांनी बदलली. सर्व्हरची घड्याळं पुष्कळदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात, आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे इथे रात्रीचे २ वाजून १४ मिनिटं झाले होते आणि ऑफिसातलं कुणी जागं नव्हतं. आता अ‍ॅक्सेस लॉगमध्ये (आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद) त्याच मिनिटाच्या ओळी बघा. डब्ल्यूपी-क्रॉनची मागणी असेल तर अपडेटचा संशय घ्या आणि प्लगिनच्या फोल्डरातल्या फाइलींची तारीख जुळते का बघा. पर्मालिंकच्या पानाची मागणी असेल तर कुणीतरी माणूसच तिथे गेला होता. लॉगमध्ये काहीच नसेल तर सीपॅनेल किंवा होस्टिंगवाल्याचं एखादं साधन बहुधा लिहितंय, कारण ते वेबमधून येत नाही.

मग बिघडलेली प्रत आणि चांगली प्रत शेजारी ठेवून फरक काढा. कोणाचा ठोकळा वाढला, कोणाचा गेला, ‘एंड’ ची कुठली ओळ नाही, हे डोळ्यांनी दिसतं. ज्याचा ठोकळा ताजा आणि पूर्ण आहे, शेवटी लिहिणारा बहुधा तोच.

स्वतःचा सर्व्हर असेल तर याहून पक्का मार्ग आहे. लिनक्सच्या ऑडिट या नोंदी ठेवणाऱ्या सोयीत त्या फाइलवर पहारा लावा. लिहिणारी प्रक्रिया आणि तिचा वापरकर्ता त्यात नोंदला जातो. नोंदीत पीएचपी-एफपीएम आलं तर साइटच्या आतलं कुणीतरी, दुसरं काही आलं तर बाहेरचं. सामायिक होस्टिंगवर ही सोय नसते. तिथे क्रॉनमध्ये एक छोटं काम लावा: दर दहा मिनिटांनी फाइल आणि चांगली प्रत यांची तुलना करायची, फरक आढळला तर मेल पाठवायचा. फाइल आपोआप मूळपदावर आणण्याचा मोह टाळा. तसं केलं तर प्लगिन आणि क्रॉन यांच्यात झुंज लागते आणि कारण कायमचं झाकलं जातं.

पुन्हा होऊ नये म्हणून

एका साइटवर पेज कॅश एकच. होस्टिंग लाइटस्पीडचं असेल तर लाइटस्पीडचं प्लगिन ठेवा आणि दुसरं काढा. सर्व्हरमध्येच कॅश असेल तर प्लगिनची पेज कॅश बंद ठेवा. दोन प्लगिनं ठेवल्याने साइट दुप्पट वेगाने चालत नाही. दोघंही अ‍ॅडव्हान्स्ड-कॅश ही एकच फाइल आपली म्हणतात आणि जो शेवटी सेव्ह होतो त्याची चालते.

स्वतःचे नियम फाइलच्या सगळ्यात वर, कुणाच्याही ठोकळ्याच्या बाहेर, आपल्या संस्थेच्या नावाच्या टिपेखाली ठेवा. एचटीटीपीएसकडे वळवणारं कलम कॅशच्या नियमांच्या खाली राहिलं तर वळवणी चुकू शकते, कारण कॅशचा नियम आधी जुळतो आणि मागणी साठवलेल्या पानाकडे वळवतो.

फाइलला कुलूप लावायचं तर परवानगी ४४४ (फक्त वाचण्यापुरती) करा. बहुतेक प्लगिनं मग लिहिण्याऐवजी ‘हे नियम स्वतः घाला’ अशी सूचना दाखवतात, आणि आपल्याला तेच हवं असतं. पण या कुलपाची ताकद ओळखून असा: पीएचपी तुमच्याच वापरकर्त्याच्या नावाने चालत असेल तर ते परवानगी परत बदलू शकतं. रूट हाताशी असेल तर चॅटर प्लस आय ही फाइल गोठवणारी लिनक्सची कमांड लावा. ते काढल्याशिवाय साइटच्या बाजूने कुणालाच फाइल बदलता येत नाही. मात्र ते लावल्याचं कुठेतरी ठळक लिहून ठेवा. पुढचा माणूस पर्मालिंक बदलायला गेला की त्याला काहीच चालत नाहीसं दिसेल. सर्व्हर पूर्ण तुमचा असेल तर नियम अपाचीच्या मुख्य कॉन्फिगमध्ये नेऊन अलाउ-ओव्हरराइड नन (ही फाइल वाचूच नको असं अपाचीला सांगणारी सेटिंग) करणं सगळ्यात चांगलं. अपाची २.४ मध्ये मुळात तेच गृहीत आहे, आणि प्रत्येक मागणीला फाइल शोधण्याचं कामही वाचतं.

वर्डप्रेसमध्ये फाइल बदलू न देण्याचा जो कॉन्स्टंट आहे, डिसअलाउ-फाइल-मॉड्स, तो लावून हा प्रश्न सुटतो असं काही जण सांगतात. त्याने प्लगिन बसवणं आणि अद्ययावत करणं थांबतं. आधीच चालू असलेलं प्लगिन एचटीअ‍ॅक्सेस लिहायचं थांबत नाही.

कॅश प्लगिनचं आपोआप अपडेट तेवढं बंद ठेवा. बाकीच्यांचं चालू राहू द्या, सुरक्षेसाठी ते हवंच. कॅशचं अपडेट दर आठवड्याला दिवसा, कामाच्या वेळेत, फाइलची प्रत काढून हाताने करा. झाल्यावर फरक बघा, आणि लॉगिन नसलेल्या मोबाइलवर एक मराठी आतलं पान, एक कन्नड आतलं पान आणि संपर्काचा फॉर्म उघडून बघा.

होस्टिंग बदलताना मात्र हे सगळं नीट केलेलं असूनही गडबड होऊ शकते. वर्षाचं बिल वाढलं की संस्था दुसरीकडे जाते आणि सगळ्या फाइली जशाच्या तशा उचलल्या जातात. डब्ल्यूपी सुपर कॅशसारखं प्लगिन डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये आणि आपल्या सेटिंगच्या फाइलमध्ये जुन्या सर्व्हरवरचा पूर्ण मार्ग लिहून ठेवतं, आणि नव्या सर्व्हरवर तो मार्ग नसतो. म्हणून हलवण्याआधी जुन्या जागेवरच कॅश प्लगिन पद्धतशीर बंद करा, डब्ल्यूपी-कॉन्फिगमधून कॅशच्या ओळी गेल्यात हे डोळ्यांनी बघा, कॅशचं फोल्डर सोडून बाकीचं न्या, आणि नव्या जागी साइट आठवडाभर कॅशशिवाय चालवून मगच प्लगिन नव्याने बसवा.